जुन्या ट्रकच्या हेडलाईटला एलईडी बल्ब बसवताना

रात्री घाटात समोरचा रस्ता पिवळट आणि मंद दिसतो, ही जुन्या ट्रकच्या चालकांची नेहमीची तक्रार आहे, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून जुने बल्ब काढून एलईडी टाकण्याचा सल्ला हल्ली स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात मिळतो. हा बदल नीट केला तर उपयोगी ठरतो, परंतु घाईने केला तर आपल्याला रस्ता फारसा जास्त दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याला मात्र काहीच दिसेनासे होते. पुढील माहिती टाटा १६१३ आणि त्या पिढीतील २४ व्होल्टच्या ट्रकना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. १२ व्होल्टच्या पिकअप गाड्यांनाही तिचा बहुतेक भाग लागू पडतो, फक्त आकडे बदलतात.

बल्ब विकत घेण्यापूर्वी सध्याचा प्रकाश कमी का पडतो, हे शोधावे. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने कमी होतो. बल्बपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. जुन्या ट्रकमध्ये ही घट अगदी सहज होते, कारण अनेक गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो, कपलरच्या (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगच्या) पिना काळ्या पडलेल्या असतात आणि अर्थिंगची वायर गंजलेल्या पत्र्यावर कशीबशी टेकलेली असते. तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून हेडलाईट लावावेत आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग बल्बच्या होल्डरच्या मागे, बल्ब जोडलेला असतानाच, व्होल्टेज मोजावे. बॅटरीवर २७.५ आणि होल्डरवर २४.७ असा फरक दिसला, तर तुमचा बल्ब नव्हे, वायरिंग दमलेले आहे. फरक कुठे पडतो हे कळण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरे होल्डरच्या चालू पिनेवर ठेवावे. मग ऋण टर्मिनल आणि होल्डरची अर्थिंगची पिन यांच्यामध्येही तसेच मोजावे. दोन्हीपैकी कुठेही अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक आकडा आला, तर त्या बाजूचे सांधे साफ करून किंवा बदलून घ्यावेत.

माझे स्पष्ट मत असे आहे की प्रत्येक ट्रकवर आधी हेच काम व्हावे. बॅटरीकडून फ्यूजसह जाड वायर, अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (खाली वळवलेला जवळचा झोत) यांसाठी दोन वेगळे रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि चॅसीवर खरवडून घट्ट बसवलेली नवी अर्थिंग, एवढ्यावर चांगल्या कंपनीचा ७५/७० वॅटचा हॅलोजन बल्बही बराच उजेड देतो. काही ठिकाणी वायरिंगला हात न लावता त्याहून जास्त वॅटचे बल्ब टाकले जातात, आणि त्यांनी होल्डर वितळतो व रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या वाटीसारख्या आरशाचा, मुलामा करपतो; तो मार्ग पूर्णपणे टाळावा.

त्यानंतर हेडलाईटची काच आणि रिफ्लेक्टर पाहावा. बल्ब काढून त्या भोकातून टॉर्च मारून आत डोकावले की मुलाम्याची अवस्था लगेच कळते. चंदेरी पृष्ठभागावर करडे डाग, तपकिरी छटा किंवा पापुद्रे दिसत असतील, तर कितीही महागडा बल्ब टाकला तरी प्रकाश विखुरणारच, म्हणून अशा वेळी पूर्ण हेडलाईटच बदलावा. रिफ्लेक्टर आतून फडक्याने पुसण्याचा मोह आवरावा, कारण तो मुलामा अतिशय पातळ असतो आणि एकदा ओरखडे पडले की परत येत नाही. बाहेरची काच खरी काच असेल तर धुणे पुरते. प्लास्टिक पिवळे पडले असेल तर बारीक पॉलिश पेपर आणि पॉलिशने ते बरेचसे सुधारते.

आता बल्ब. एलईडीचे भले-बुरे सगळे हॅलोजन एच-४ बल्बच्या रचनेवरून ठरते, म्हणून ती थोडी समजून घेणे आवश्यक आहे. या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात. अप्परचे फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूजवळ असते. डिपरचे फिलामेंट त्याच्या थोडे पुढे असते आणि त्याच्या खाली धातूची एक लहान वाटी असते. ही वाटी खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि प्रकाश खाली रस्त्यावर उतरतो. भिंतीवर दिसणारी उजेड-अंधाराची स्पष्ट कड ही त्या वाटीच्या काठाची करामत आहे. वाटीचा एक काठ तिरपा असल्याने आपल्याकडे ही कड डाव्या बाजूला वर चढते, म्हणजे रस्त्याच्या कडेचा पादचारी आणि दगड दिसतात, पण उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही.

एलईडी बल्बने ही सगळी व्यवस्था हुबेहूब पाळली पाहिजे. म्हणून विकत घेताना हॅलोजन बल्ब सोबत न्यावा आणि दोन्ही शेजारी धरून पाहावे: बुडाशी असलेल्या धातूच्या कड्यापासून डिपरच्या चिपा (एलईडीचे प्रकाश देणारे तुकडे) तेवढ्याच अंतरावर आहेत का, त्यांच्याखाली तशीच वाटी आहे का, आणि दोन्ही बाजूंच्या चिपांमधली पट्टी फिलामेंटइतकी बारीक आहे का. जाड दांड्यावर तिन्ही किंवा चारही बाजूंनी मोठ्या पिवळ्या चिपा चिकटवलेला बल्ब डोळे दिपवण्यापलीकडे काही करत नाही. तो परत द्यावा. खोक्यावर छापलेल्या ल्युमेनच्या आणि वॅटच्या मोठ्या आकड्यांवर विसंबू नये, कारण प्रकाश किती निघतो यापेक्षा तो कुठे जाऊन पडतो हे चालकासाठी अधिक महत्त्वाचे असते. रंगाच्या बाबतीत ६००० ते ६५०० केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश बाजारात सर्वाधिक खपतो, परंतु तो समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो. ४००० ते ५००० केल्विनचा बल्ब मिळाला तर तो घ्यावा, आणि कसारा किंवा आंबा घाटातल्या पावसाळी धुक्यातून नेहमी जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

व्होल्टेजची खात्री करणे अनिवार्य आहे. ट्रकला दोन बॅटऱ्या असल्या म्हणजे तो २४ व्होल्टचाच, असे गृहीत धरू नये; मीटर लावून पाहावे. २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग चालू असताना व्होल्टेज २८च्या आसपास जाते आणि अधूनमधून त्याहून वर झटकेही बसतात, म्हणून बल्बवर ९ ते ३२ व्होल्ट अशी मर्यादा लिहिलेली असावी. १२ व्होल्टचा बल्ब स्वस्त मिळतो म्हणून दोनपैकी एकाच बॅटरीवरून त्याला वायर ओढणे ही चुकीची पद्धत आहे, कारण ती बॅटरी नेहमी अर्धवट चार्ज राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत जोडी निकामी होते. कड्याचे मापही पाहून घ्यावे: एच-४ला पी-४३-टी कडे लागते, तर फार जुन्या हेडलाईटमध्ये त्याहून रुंद पी-४५-टी कडे असू शकते. वॉशर लावून किंवा कडे घासून बल्ब अडकवला तर चिप केंद्रापासून सरकते आणि वर सांगितलेली सगळी रचना वाया जाते.

कायद्याचा भाग येथेच स्पष्ट करणे योग्य ठरेल. हेडलाईटला मिळालेली मान्यता ही ज्या प्रकारच्या बल्बसह त्याची चाचणी झाली त्या जोडीची असते. हॅलोजनच्या हेडलाईटमध्ये घातलेला एलईडी बल्ब त्या मान्यतेत बसत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना रस्त्यावर वापरण्याची परवानगी मिळाली, तीसुद्धा नेमक्या ठरवून दिलेल्या गाड्यांपुरतीच, यावरून ही जोडी किती काटेकोरपणे तपासावी लागते हे लक्षात येईल. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीतील बदलांवर मर्यादा घालते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला प्रकाशाने दिपवता कामा नये. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचे पासिंग दरवर्षी होते आणि त्यात हेडलाईटच्या झोताचीही तपासणी असते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओकडे किंवा तपासणी केंद्रात विचारून घ्यावे. गाडीला सात इंची गोल हेडलाईट असतील, तर मान्यतेचे चिन्ह असलेला संपूर्ण एलईडी हेडलाईट बसवण्याचा पर्याय माझ्या मते सुट्या बल्बपेक्षा चांगला आहे, कारण त्याचा रिफ्लेक्टर किंवा भिंग एलईडीसाठीच घडवलेले असते.

बसवण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. लाईट बंद करून, बॅटरीची ऋण बाजू सोडवून, हॅलोजन बल्ब थंड होऊ द्यावा. कपलर सरळ मागे ओढावा, वायर धरून ओढू नये. मग रबरी टोपी काढून स्प्रिंगची क्लिप बाजूला करावी. बऱ्याच एलईडी बल्बचे कडे बल्बपासून वेगळे होते. आधी ते कडे तीन कानांच्या खाचांत नीट बसवून क्लिप लावावी, रबरी टोपी चढवावी आणि मग बल्ब आत सारून फिरवून घट्ट करावा. चिपा बरोबर डावी-उजवीकडे आणि वाटी खाली, अशी स्थिती झाली पाहिजे. बल्ब थोडा जरी कलता राहिला तरी भिंतीवरची कड तिरकी दिसते. मागचा पंखा किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्या टोपीच्या बाहेर, मोकळ्या हवेत राहिल्या पाहिजेत, कारण एलईडीची उष्णता पुढे काचेकडे न जाता मागे जाते आणि ती कोंडली की चिपा मंद होत जातात. टोपीला मोठे भोक पाडून तसेच सोडल्यास धूळ आणि पाणी आत जाते. हॅलोजनच्या उष्णतेने आतला दमटपणा वाळत असे, एलईडीने तो तसाच राहतो. बल्बसोबत येणारी ड्रायव्हरची, म्हणजे एलईडीला योग्य करंट पुरवणाऱ्या सर्किटची, डबी लोंबकळत न ठेवता इंजिनाच्या उष्णतेपासून दूर पट्टीने बांधावी. जोडणी झाल्यावर बल्ब पेटला नाही, तर तो खराब आहे असे लगेच मानू नये. हॅलोजनला धन-ऋण उलटे चालते, पुष्कळ एलईडींना चालत नाही, म्हणून होल्डरमधील अर्थिंग, अप्पर आणि डिपर या तिन्ही पिना मीटरने ओळखून घ्याव्यात.

यानंतरचा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सपाट जमिनीवर, टायरची हवा बरोबर असताना, हेडलाईटपासून भिंतीपर्यंत १० मीटर अंतर राहील असा ट्रक उभा करावा. जमिनीपासून हेडलाईटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी आणि दोन्ही हेडलाईटच्या मध्यांसमोर उभ्या रेघा ओढाव्यात. डिपर लावून एका वेळी एकच हेडलाईट उघडा ठेवावा, दुसरा गोणपाटाने झाकावा. प्रकाशाची कड रेघेच्या खाली १० ते १५ सेंटिमीटर असावी. हेडलाईटची उंची एक मीटरहून अधिक असेल तर १५ ते २० सेंटिमीटर. एक मीटर उंचीच्या दिव्याची कड १५ सेंटिमीटर खाली ठेवली, तर झोत सुमारे ६७ मीटरवर जमिनीला टेकतो. कड डावीकडे जिथून वर चढते तो कोपरा उभ्या रेघेवर यावा. कड दिसतच नसेल, नुसता उजेडाचा गोळा दिसत असेल, तर झोत वर-खाली करणारे हेडलाईटचे स्क्रू फिरवून काही साधणार नाही. तो बल्ब त्या हेडलाईटसाठी योग्य नाही आणि हॅलोजन परत लावणे हेच बरोबर.

ट्रकच्या बाबतीत भाराचा हिशेब धरावाच लागतो. सव्वाचार मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीचा मागचा भाग माल भरल्यावर पुढच्यापेक्षा ५ सेंटिमीटर अधिक दबला, तर पुढचे तोंड त्या प्रमाणात वर कलते आणि १० मीटरवरची कड सुमारे १२ सेंटिमीटर वर सरकते. म्हणजे रिकाम्या गाडीवर अगदी बरोबर लावलेला झोत उसाच्या मोळ्या भरल्यावर समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट तोंडावर जातो. म्हणून झोत भरलेल्या गाडीवर लावावा. रिकाम्या फेरीत तो थोडा जवळ पडेल, पण समोरच्याला दिपवणार नाही.

शेवटी एकदा रात्री एखाद्या सहकाऱ्याला ट्रकपुढे उजव्या बाजूला पन्नास-साठ पावलांवर उभे करून डिपर आणि अप्पर आळीपाळीने लावून पाहावे आणि मग आपण तिथे जाऊन उभे राहावे. डिपरमध्ये डोळे मिटावेसे वाटले, तर कड अजून खाली घ्यावी. खराब रस्त्यांवर स्क्रू आणि क्लिपा सैल होतात, त्यामुळे महिनाभराने भिंतीसमोरची तपासणी पुन्हा करावी, पंख्यात साचलेली धूळ ब्रशने झाडावी आणि कपलर तापतो का, हे हाताने पाहावे. काढलेले हॅलोजन बल्ब चालू असतील तर फडक्यात गुंडाळून केबिनमध्ये ठेवावेत, कारण एलईडीचा ड्रायव्हर बिघडला की बहुधा त्या बाजूचे अप्पर आणि डिपर दोन्ही एकाच वेळी जातात.