चर्चच्या सेवाकार्यात नाव देण्याआधी

ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्याला माणसं जोडायला चर्चच्या सेवाकार्यासारखी दुसरी जागा नाही. फूड बँक (गरजूंना फुकट किराणा देणारं केंद्र), बेघरांचं जेवण, इंग्रजीचे वर्ग, ज्येष्ठांची कॉफी, कुठेही हात कमीच पडतात. या कामांसाठी सहसा ख्रिस्ती असावं लागत नाही; प्रार्थनागट चालवायचा असेल तर श्रद्धेची अट असू शकते.

आधी व्हिसा बघा, मग नाव द्या. पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणाच्या स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना सहसा आठवड्याला 20 तास काम करता येतं, आणि त्यात बिनपगारी कामही धरतात. गल्लत इथेच होते. ‘जमेल तेव्हा या’ असं असेल तर ती मदत. पण ‘दर मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते एक यायचंच’ असं करारात लिहून सही घेतली, तर ते काम ठरू शकतं. दुकानात 18 तास करणाऱ्याने असले आठ तास जोडले की 26 झाले, अट मोडली. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, सरासरी काढत नाहीत. प्रवासखर्च तिकीट दाखवून झाला तेवढाच घ्या. दर खेपेला ठरावीक रक्कम कुणी देऊ केली तर नको म्हणा, तो मोबदला ठरू शकतो. पुन्हा सांगतो, सही करण्याआधी तो कागद विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला दाखवा. पाहुणे म्हणून आलेल्या आईबाबांना नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत एकूण 30 दिवसांपर्यंत अशी मदत करता येते.

मुलांबरोबर काम असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी होते, स्कॉटलंडमध्ये तशीच पीव्हीजी. डीबीएसचं सरकारी शुल्क स्वयंसेवकाला नाही. गेल्या पाच वर्षांचे सगळे पत्ते भरावे लागतात, भारतातलेसुद्धा. लग्नाआधीचं नाव गाळू नका. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असेल तर इथेही तसंच लिहा.

फूड बँकेत पहिल्या दिवशी बहुधा छाननीला बसवतात. आलेला माल आधी वजन करून नोंदवायचा, मग डबा उलटासुलटा करून तारीख शोधायची. ‘यूज बाय’ उलटली की वस्तू बाद, वास चांगला असला तरी. ‘बेस्ट बिफोर’ फक्त दर्जाबद्दल असते, त्यामुळे ती उलटलेल्या वस्तूचं काय करायचं हे त्या केंद्राच्या नियमाप्रमाणे. जवळची तारीख पुढे, लांबची मागे. पिशवी यादीप्रमाणेच भरा. कुणाची दया आली म्हणून जास्तीचे डबे टाकलेत तर शेवटच्या कुटुंबाला कमी पडतं.

आपल्या मंडळींना दुसऱ्याचे व्हिसाचे फॉर्म भरून द्यायची भारी हौस. केंद्रात आलेल्या माणसाला ‘तू हा अर्ज कर’ असं सांगू नका. नोंदणी किंवा सूट नसताना ब्रिटनमध्ये स्थलांतराचा सल्ला देणं गुन्हा आहे, फुकट दिला तरी. दुभाषा म्हणून बसा, सल्ला अधिकृत माणसाला देऊ द्या. कुणी घरातल्या मारहाणीबद्दल बोललं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. सेफगार्डिंगच्या, म्हणजे मुलं आणि असुरक्षित माणसांच्या संरक्षणाच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा.

मिशनबरोबर भारतात जायचं असेल आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं) असेल, तर धर्मप्रचाराच्या कामाला वेगळी परवानगी लागते.

आपल्यातले काहीजण संदर्भपत्रापुरते येतात आणि तीन आठवड्यांत गायब होतात. इथली माणसं तोंडावर बोलत नाहीत, पण रोटातून, म्हणजे पाळ्यांच्या यादीतून, नाव गळतं. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा.