वॉटर पंपाखालचं भोक बुजवू नका

ट्रॅक्टर किंवा जुन्या जीपच्या वॉटर पंपाला (इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या पंपाला) खालच्या बाजूने एक बारीक भोक असतं. तिथून पाणी ठिबकायला लागलं की बरेच जण त्यात एम-सील भरून मोकळे होतात. तसं करू नका. ते भोक मुद्दामच ठेवलेलं असतं: आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. बुजवलंत तर ग्रीस धुऊन जातं, बेअरिंग खिळखिळं होतं आणि पंखा पंपाच्याच शाफ्टवर असेल तर तो रेडिएटरच्या जाळीत घुसू शकतो. मग पंपाचा खर्च परवडला म्हणायची वेळ!

इंजिन बंद आणि गार असताना पंखा धरून पुढे-मागे हलवून बघा. खडखड जाणवली, किंवा भोकाखाली कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) वाळलेला ओघळ दिसला, तर पंप बदलायला टाका. नवा पंप सुरुवातीला एखाद-दुसरा थेंब टाकतो, त्याने घाबरायचं कारण नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी मात्र पुन्हा ओतू नका, क्षार धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. ज्या कारमध्ये पंप टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) फिरतो, तिथे बेल्टसोबतच पंपही बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.