खोली आवरूनही उभारी येत नाही? या चुका टाळा

उभारी नाही म्हणून खोली आवरली जात नाही आणि खोली आवरलेली नाही म्हणून कामाला बसावंसं वाटत नाही. या चक्रातून सुटायला बहुतेक जण एखादा रविवार धरतात, घर उलटंपालटं करतात, आणि गुरुवार उजाडेपर्यंत सगळं जैसे थे. पसारा परत आला याचं एवढं काही नाही. पण 'आपल्याच्याने काही तडीस जात नाही' हा समज आणखी घट्ट होतो, आणि खरा तोटा तो आहे.

स्वतःवरचा विश्वास कशातून तयार होतो, याची चौकट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये मांडली. त्यांनी चार वाटा सांगितल्या: स्वतः एखादं काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणं, इतरांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. यात पहिली वाट सर्वांत भक्कम. सापाला घाबरणाऱ्या लोकांवर त्यांनी जे उपचार केले, त्यात कुणाला 'घाबरू नका' असं नुसतं समजावलं नव्हतं. आधी लांबून पाहायचं, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा, मग नुसत्या हाताने, अशा चढत्या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरी जमेल एवढीच ठेवलेली होती.

खोली उपयोगी पडते ती इथे. परीक्षेचा निकाल वर्षाने लागतो, धंद्याचा जम बसायला त्याहून जास्त वेळ जातो. टेबलाचा एक खण मात्र वीस मिनिटांत होतो, आणि झालेला डोळ्यांना दिसतो. फक्त काम त्या मापाचं हवं. पुढच्या बहुतेक चुका माप चुकल्याच्याच आहेत.

एका दिवसात अख्खं घर काढणं

कपाट रिकामं करून पलंगावर ढीग घालायला पाऊण तास लागतो. त्या ढिगातल्या प्रत्येक वस्तूचं काय करायचं हे ठरवायला पाच-सहा तास लागतात. आपण पहिला वेळ धरून बेत आखतो, दुसरा धरतच नाही. रात्री झोपायला पलंग लागतो, मग ढीग जसाच्या तसा कपाटात कोंबला जातो, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. जुनी पत्रं आणि फोटो हाताला लागले तर विचारूच नका, दुपार तिथेच जाते. म्हणून ते सगळ्यात शेवटी काढायचे.

सुरुवात एका खणाने करा. फोनवर २० मिनिटांचा गजर लावा. पहिली १५ मिनिटं निवडायची, शेवटची ५ परत लावायची. ही ५ मिनिटं खाल्ली की काम अर्धवट राहतं आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. खण पूर्ण रिकामा करा, ओल्या फडक्याने पुसा, मग वस्तूंचे चार गट करा: याच खणात राहणार, घरात दुसरीकडे जाणार, घराबाहेर जाणार, आणि ठरत नाही.

चौथा गट लाज न बाळगता ठेवायचा. 'लागेल कधीतरी' या दोन शब्दांवर जेवढं आवरणं अडतं तेवढं दुसऱ्या कशावर अडत नाही. त्यासाठी एकच खोका घ्या, बुटांच्या खोक्याएवढा. त्यावर तीन महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि माळ्यावर टाका. तोवर ज्यासाठी खोका उघडावा लागला नाही, ते जाऊ द्या. जन्मदाखला, गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र, घराचे कागद यांना हा नियम नाही. ते पहिल्याच दिवशी वेगळ्या फायलीत घालायचे.

तिसऱ्या गटाची वेगळी गंमत आहे. 'द्यायचे कपडे' म्हणून भरलेल्या पिशव्या दाराशी महिना महिना पडून असतात, आणि हळूहळू घरातलं कुणीतरी त्यातलं काहीतरी परत काढतं. पिशवी भरतानाच ती कुणाला आणि कोणत्या वारी जाणार हे ठरलेलं हवं. रद्दीवाला ज्या दिवशी येतो त्याच्या आदल्या संध्याकाळी खण काढला की हा प्रश्न आपोआप सुटतो.

कुठला खण आधी? पाहुण्यांना दिसणारी शोकेस नको. तुम्ही जिथे बसून काम करता त्या जागेपासून हात लांब करून पोहोचेल तेवढाच भाग पहिल्या आठवड्यात घ्या.

खुर्चीवरच्या कपड्यांना शिस्तीचा प्रश्न समजणं

जवळपास प्रत्येक घरात अशी एक खुर्ची असते जिच्यावर कुणी बसत नाही. तिच्यावर काय आहे ते एकदा नीट पाहा. तासभर बाहेर घातलेला शर्ट, उद्या पुन्हा चालेल अशी जीन्स, रात्रीचा टी-शर्ट, ओढणी, कॉलेजची सॅक. यातलं काहीही मळकं नाही, त्यामुळे धुवायला टाकवत नाही. धुतलेलंही नाही, त्यामुळे कपाटातल्या इस्त्रीच्या कपड्यांत घालवत नाही. या कपड्यांना घरात जागाच नाही, आणि जागा नसलेली वस्तू जवळच्या सपाट पृष्ठभागावर जाते. खुर्ची, टेबल, वॉशिंग मशीनचं झाकण, दिवाण.

यावर स्वतःला बोल लावून काही होत नाही. दाराच्या मागे चार खुंट्या ठोका, माणशी चार. भाड्याची खोली असेल तर दारावर अडकवायची हुकांची पट्टी मिळते, भिंतीला भोक पाडावं लागत नाही. नियम एकच: एका खुंटीवर एकच कपडा. पाचवा आला की आधीच्यांतला एक धुवायला जातो. खुर्चीही हलवा, निदान महिनाभर, नाहीतर हात सवयीने तिकडेच जाईल.

घरातला कुठलाही ढीग असाच वाचता येतो. फ्रिजवर औषधांच्या पट्ट्या साठतात, कारण औषधांचा डबा वरच्या फळीवर आहे आणि गोळी जेवणाच्या टेबलाशी घेतली जाते. लाइट बिलं टीव्हीशेजारी साठतात, कारण दारातून आत आल्यावर पहिला मोकळा कोपरा तोच. ढीग जिथे होतो तिथेच त्या वस्तूला खोका, ट्रे किंवा खुंटी द्या. वस्तू माणसाच्या वाटेवर ठेवायची, माणसाला वस्तूच्या वाटेला लावायचं नाही.

भोसरी, चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हे नवं वाटणार नाही. जपानी फाइव्ह एस पद्धतीत निवडणं, जागा ठरवणं, स्वच्छता, एकसारखा नियम आणि तो पाळत राहणं अशा पाच पायऱ्या असतात. शॉप फ्लोअरवरच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणून रिकामी जागा लगेच डोळ्यांत भरते. तोच माणूस घरी येऊन नखं कापायचं यंत्र तीन खोल्यांत शोधतो, कारण त्याची जागा कुणी ठरवलेलीच नसते.

आधी डबे, मग आवरणं

ऑनलाइन सेल लागला की सारख्या आकाराचे बारा डबे घरी येतात. काय ठेवायचं हे ठरायच्या आधी आलेला डबा म्हणजे नवा पसारा. पहिले चार आठवडे घरातलेच बुटांचे, मिठाईचे खोके वापरा. माप कळलं की मग खरेदी. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात मात्र पुठ्ठ्याचा खोका भिंतीला टेकवू नका. ओल धरते, बुरशी येते, वाळवीलाही आमंत्रण मिळतं.

मूड यायची वाट पाहणं

उभारी आधी यायला हवी आणि काम नंतर, हा क्रम बहुतेक वेळा उलटा असतो. सुरुवात झाल्यावर पाच-सात मिनिटांनी चालना येते. म्हणून सुरुवात मूडवर सोडायची नाही, एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधायची. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. 'मी रोज आवरेन' या नुसत्या संकल्पापेक्षा 'अमुक झालं की तमुक करेन' असं नेमकं वाक्य जास्त पाळलं जातं, असं त्यांना दिसलं.

वाक्य असं हवं: 'रात्रीचा ओटा पुसून झाला की टेबलावरच्या पाच वस्तू जागेवर ठेवेन.' घटना रोज नक्की घडणारी हवी, आणि काम आकड्यात हवं. 'वेळ मिळाला की' ही घटना नव्हे. 'थोडं आवरेन' हे कामही नव्हे, कारण थोडं संपलं कधी हे कळत नाही, आणि संपल्याचं कळणं हाच तर इथला मोबदला.

भिंतीवर सुविचार चिकटवणं

आरशावर 'मी सर्वश्रेष्ठ आहे' असं लिहून रोज म्हणायचा सल्ला सर्रास मिळतो. ज्याला आधीच स्वतःबद्दल बरं वाटतं त्याला तो चालूनही जाईल. पण २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, स्वतःबद्दल कमी आदर असणाऱ्यांना 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' अशा अर्थाचं वाक्य पुन्हा पुन्हा म्हटल्यावर बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. मोठं विधान केलं की मन लगेच त्याच्या विरुद्धची उदाहरणं काढून दाखवतं.

त्या जागी मनाला खोडता येणार नाहीत अशी वाक्यं लिहा. साधी वही घ्या आणि रात्री एक ओळ: तारीख आणि झालेलं काम. 'डावा खण. तीन बंद पेनं टाकली.' 'गॅसचं पुस्तक फायलीत.' विशेषणं नकोत, 'अखेर जमलं' नको, 'उद्या जास्त' नको. हातून काही झालं नाही त्या दिवशी ओळ कोरी. पंधरा दिवसांनी मागची पानं चाळा. 'माझ्याच्याने काही होत नाही' या वाक्याला उत्तर द्यायला एवढं पुरतं.

आवरण्याआधीचा आणि नंतरचा फोटोही चालतो, पण तो स्वतःपुरता. स्टेटसला टाकला की काम कौतुकासाठी होतं, आणि पुढच्या खणाला कौतुक आलं नाही की थांबतं.

आवरण्यालाच काम समजणं

ही चूक हुशार लोक जास्त करतात. पुण्यातल्या सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी कॉट बेसिसवर राहणाऱ्यांच्या खोल्यांत ती हमखास दिसते. चाचणी उद्यावर आली की नोट्सना रंगीत चिठ्ठ्या लागतात, पुस्तकं विषयवार लावली जातात, चादर बदलली जाते. सगळं नीटनेटकं, आणि अवघड प्रकरण तसंच. आवरण्यातून झटपट समाधान मिळतं, म्हणून अवघड कामापासून पळायला त्याच्याइतकी सभ्य सबब नाही.

कामाच्या आधी आवरायला जास्तीत जास्त १० मिनिटं, तीही फक्त टेबलावर. खण, कपाट, माळा हे सगळं कामानंतर. टेबल मोकळं करताना समोर फक्त आत्ता लागणारं एक पुस्तक, वही, पेन आणि पाण्याची बाटली ठेवा. बाकीची पुस्तकं पाठीमागे किंवा पायाशी. नजरेच्या टप्प्यात जेवढ्या वस्तू, तेवढी लक्षाची ओढाताण. कॉटवरच अभ्यास करावा लागत असेल तर उशी-चादर गुंडाळून एका टोकाला ठेवा आणि भिंतीकडे पाठ करून बसा. झोपायच्या आणि बसायच्या दिशा वेगळ्या राहिल्या तर बरं.

'एकवीस दिवस' मोजणं

'एकवीस दिवस केलं की सवय लागते' असं सर्रास सांगितलं जातं. हा आकडा मूळचा १९६० च्या सुमाराच्या एका अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातला. रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस लागतात, असं त्याला वाटलं होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या रोजच्या सवयी १२ आठवडे तपासल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायचा मध्यक काळ ६६ दिवसांच्या आसपास आला. माणसामाणसांत फरक तर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज). एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं.

त्यामुळे बाविसाव्या दिवशीही जिवावर येत असेल तर ते अगदी नेहमीचं आहे. कॅलेंडरवर फुल्यांची सलग साखळी करणाऱ्यांनी विशेष जपावं: साखळी तुटली की कॅलेंडरच काढून ठेवलं जातं. सलग दिवस मोजू नका, महिन्यातले एकूण दिवस मोजा.

तरीही अडत असेल तर

*दोन आठवड्यांत टेबल पुन्हा भरतं.* बहुधा जागेपेक्षा वस्तू जास्त आहेत. नवी मांडणी करत बसू नका. त्या टेबलावरच्या एका प्रकारच्या वस्तूंना मर्यादा घाला: पेनं चार, वायरी दोन, वह्या तीन.

*आवरलेलं आहे, पण वस्तू सापडत नाही.* जागा दिसायला छान म्हणून ठरवली असेल. रोजची वस्तू कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, आठवड्याची खाली, वर्षाची माळ्यावर. आणि 'इतर' असं नाव दिलेला डबा असेल तर तो आजच फोडा.

*घरचे पसारा करतात.* त्यांच्या वस्तूंना हात लावू नका. आजीच्या पिशव्यांची पिशवी तुम्हाला निरुपयोगी वाटली तरी तिला त्यातली प्रत्येक पिशवी माहीत असते. न विचारता टाकलेली एक वस्तू पुढचं वर्षभर ऐकवली जाते, आणि घरातली साथ जाते ती वेगळीच. आपला हक्काचा कोपरा ठरवा, तीन बाय तीन फुटांचा असला तरी चालेल, आणि तेवढाच सांभाळा. आठ-दहा दिवसांनी 'मला पण एक खुंटी ठोकून दे' असं कुणी म्हणालं तर लगेच ठोकून द्या, व्याख्यान न देता.

*काहीच उचलवत नाही.* दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक बिघडली असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही मन लागत नसेल, अंघोळीचाही कंटाळा येत असेल तर प्रश्न खोलीचा नाही, आणि आळसाचा तर मुळीच नाही. डॉक्टरांना भेटा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, तिथे मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर वाट न पाहता आत्ताच फोन करा आणि घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून घ्या. तोवर खण, खुंट्या, वही सगळं बाजूला राहू द्या. जमलं तर खिडकी उघडा आणि पाणी प्या.