मुलांच्या फोनला सेटिंग लावताना या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या घरात गेला की दुपारी पोट्ट्यांना बाहेर सोडता येत नाही. विदर्भातल्या शाळाही उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. कुलरसमोर फोन घेऊन बसायला हे दिवस पुष्कळ झाले. ‘सगळं लॉक केलं होतं, तरी असं कसं झालं?’ असा प्रश्न पडला असेल, तर आधी जन्मतारीख तपासा.

जन्मसाल खोटं टाकणं

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, फोन घेतला, दुकानातल्या पोरानं तिथंच जीमेल खातं उघडून दिलं आणि वय आड येऊ नये म्हणून जन्मसाल २००० टाकलं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. त्या दिवसापासून गूगल, यूट्यूब आणि प्ले स्टोअरच्या लेखी तुमचा बारा वर्षांचा मुलगा प्रौढ आहे. लहानांसाठी आपोआप सुरू होणारी बंधनं त्याला लागूच होत नाहीत, मग वरून कितीही ॲप टाका.

गूगल खात्यात ‘वैयक्तिक माहिती’मध्ये जाऊन जन्मतारीख खरी करा. मूल तेराच्या आतलं असेल, तर पालकांची देखरेख जोडायला गूगल साधारण १४ दिवस देतं. ती जोडली नाही तर खातं बंद होतं. म्हणून आधी स्वतःच्या फोनवर फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांच्या देखरेखीचं ॲप तयार ठेवा, तारीख नंतर बदला. जुने फोटो आणि शाळेच्या फाइल्सही त्याआधी दुसरीकडे उतरवून घ्या.

इन्स्टाग्रामची जन्मतारीख वेगळी असते, ती अकाउंट्स सेंटरमध्ये सापडेल. खऱ्या वयाच्या किशोर खात्यात प्रोफाइल खासगी राहते, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन शांत राहतात. सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं पालकांच्या परवानगीशिवाय सैल करता येत नाहीत. तेराच्या आत मात्र तिथं खातं असूच नये. खरी तारीख टाकल्यावर ते बंद पडलं, तर पडू द्या.

किल्ली मुलाच्याच हातात

फॅमिली लिंक लावली, पण आईच्या फोनचा पॅटर्न घरात सगळ्यांना पाठ. मुलगा आपल्या फोनवरून नवीन गेमची विनंती पाठवतो आणि आईच्या फोनवरून स्वतःच मंजूर करतो. ज्या फोनवर ही विनंती येते त्याचा पिन बदला, मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला असेल तर काढा, आणि पालकाच्या गूगल खात्याचा पासवर्डही नवा करा. टीव्हीवरचं यूट्यूब बहुधा बाबांच्या खात्यावर चालू असतं. मोबाइलवर लावलेला रिस्ट्रिक्टेड मोड (प्रौढ मजकूर गाळणारी यूट्यूबची सेटिंग) तिथं पोहोचत नाही. तो प्रत्येक उपकरणावर आणि ब्राउझरमध्ये वेगळा लावावा लागतो.

वायफायवर भिस्त

राउटरमध्ये डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ टाकले की प्रौढ मजकुराच्या बऱ्याच साइट उघडत नाहीत. काम दहा मिनिटांचं, फुकटही. पण मुलानं मोबाइल डेटा सुरू केला की हा फिल्टर संपला. राउटरवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सुरू असेल तर त्याचं डीएनएस वेगळं बदलावं लागतं. फिल्टर लावूनही सगळं उघडत असेल तर कारण बहुधा तिथं असतं. आणि इन्स्टाग्रामच्या आत कोण काय पाठवतंय, यावर डीएनएसचा काही उपयोग नाही.

‘पिन त्याला माहीत नाही’

यूपीआय लाइट सुरू असेल तर छोटी रक्कम, एका वेळी १,००० रुपयांपर्यंत, पिनशिवाय जाते. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवर ते बंद करा आणि प्ले स्टोअरच्या प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा.

व्हॉट्सअॅप आणि रील

ट्यूशनच्या ‘डाउट ग्रुप’ची लिंक दाबली की त्यातल्या सगळ्यांना मुलीचा नंबर दिसतो. प्रायव्हसीमध्ये ग्रुपसाठी ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडलं, तरी लिंकवरून स्वतः आत जाणं त्यानं थांबत नाही. हे तिला सांगावंच लागतं. स्नॅपचॅटचा नकाशा घोस्ट मोडवर ठेवा, म्हणजे ती कुठं आहे ते इतरांना दिसत नाही. रीलमध्ये एमएच ३१ची पूर्ण नंबरप्लेट आणि क्लासचा बोर्ड एकत्र दिसला, तर पत्ता वेगळा सांगायला नको.

धमकी आली तर

सर्वात वाईट चुका इथं होतात, आणि त्या पहिल्या तासात होतात. व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून किंवा खासगी फोटो मिळवून कुणी पैसे मागतो. घाबरलेले आईबाप मुलावर ओरडतात, चॅट पुसतात आणि पैसे भरतात. एकदा पैसे गेले की मागणी वाढते, आणि पुसलेल्या चॅटबरोबर पुरावाही जातो.

आधी समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक, मेसेजची तारीख-वेळ, यूपीआय आयडी आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट घ्या. मग त्या खात्याची तक्रार करा. कुणी केली हे इन्स्टाग्राम समोरच्याला सांगत नाही. ब्लॉक सगळ्यात शेवटी. मूळ फोटो मुलाच्याच फोनमध्ये राहू द्या. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेत त्या फोटोचा डिजिटल ठसा फोनमध्येच तयार होतो, फोटो कुठं पाठवावा लागत नाही आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो शोधून हटवू शकतात. पुरावा म्हणून मात्र तो काका-मामांना किंवा शाळेच्या ग्रुपवर कधीही पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढं पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे, पाठवणारे आईबाप असले तरी.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा आणि व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलाला आधार हवा असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन चोवीस तास आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे, तिथं नाव न देताही माहिती देता येते. काटोल किंवा सावनेरला राहणाऱ्यांनी ‘हे आमच्या हद्दीत नाही’ ऐकून परत फिरू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. त्याची प्रत मोफत मिळते, ती घेऊनच निघा.