सोलापूरच्या गच्चीवरून खगोल कॅमेऱ्याने आकाशाचे थेट दर्शन कसे घ्यावे

शहरातल्या गच्चीवरून दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावून मृग नक्षत्रातील तेजोमेघ पाहिला, तर करड्या धुक्याचा एक पुंजका तेवढा दिसतो. डोळ्याला प्रकाश साठवून ठेवता येत नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरला येतो. आयपीसच्या जागी खगोल कॅमेरा बसवला, की तोच तेजोमेघ काही सेकंदांत लॅपटॉपच्या पडद्यावर गुलाबी छटेसह उमटतो आणि घरातली सगळी माणसे तो एकाच वेळी पाहू शकतात. गुडघेदुखीमुळे दुर्बिणीशी वाकता न येणाऱ्या आजी-आजोबांना खुर्चीत बसून आकाश पाहता यावे, हे ही पद्धत शिकण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण आहे.

पैसे मर्यादित असतील, तर आकाशाच्या गतीबरोबर आपोआप वळणाऱ्या माउंटवर (दुर्बीण पेलणाऱ्या आधारावर) आधी खर्च करावा आणि कॅमेरा साधा घ्यावा. सुरुवातीला आयएमएक्स ४६२ सेन्सरचा रंगीत कॅमेरा पुरेसा असतो. त्याचे पिक्सेल २.९ मायक्रॉनचे आणि चौकट १९२० × १०८० पिक्सेलची असते. हा सेन्सर अवरक्त किरणांनाही संवेदनशील असल्यामुळे भिंगाच्या दुर्बिणीवर ते किरण अडवणारा फिल्टर लावावा, नाहीतर तारे फुगलेले दिसतात.

चौकटीत किती आकाश मावेल, याचा हिशेब आधीच करावा. पिक्सेलच्या मायक्रॉनमधील आकाराला २०६ ने गुणून दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने (फोकल लेंग्थने) भागले, की एका पिक्सेलमध्ये किती विकला येतात ते कळते (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ७५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीवर हे उत्तर सुमारे ०.८ येते आणि पूर्ण चौकट साधारण २५ × १४ कलांची होते. पौर्णिमेचा चंद्रच सुमारे ३० कलांचा असतो, म्हणजे तो तिच्यात मावत नाही. अशा वेळी कॅमेऱ्यापुढे ०.५ पटीचा फोकल रिड्यूसर (नाभीय अंतर कमी करणारे भिंग) लावल्यास चौकट जवळजवळ दुप्पट रुंद होते.

नवशिका सर्वांत जास्त अडखळतो तो फोकसपाशी. आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीत फोकसर पूर्ण आत नेला तरी प्रतिमा स्पष्ट होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. यात कॅमेऱ्याचा दोष नसतो. प्रतिमा सेन्सरपर्यंत पोहोचण्याआधीच, नळीकडच्या बाजूला तयार होत असते. बार्लो भिंग (नाभीय अंतर वाढवणारे भिंग) लावल्यास ती बाहेर सरकते, पण मग आकाशाचा तुकडा लहान होतो; मुख्य आरसा थोडा पुढे आणणे हा कायमचा उपाय आहे. फोकस होतो की नाही, हे दिवसा दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा टॉवरवर तपासून ठेवावे. मात्र दुर्बीण सूर्याच्या दिशेला मुळीच वळवू नये. रात्री दुर्बीण एखाद्या तेजस्वी ताऱ्याकडे वळवून तिच्या तोंडावर बाह्तिनोव्ह मास्क (तिरप्या खाचांचे झाकण) लावावा. ताऱ्याभोवती तीन रेषा उमटतात आणि मधली रेषा इतर दोघींच्या नेमकी मध्ये आली, की फोकस साधला असे समजावे. फोकस साधल्यावर मास्क काढायला विसरू नये.

आता गच्चीवरची मांडणी. उन्हाळ्यात सोलापूरचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि त्या थरथरत्या हवेतून गुरूचे पट्टे पुसट होतात. संध्याकाळीच गच्चीवर पाणी मारावे आणि दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवावी. ध्रुवतारा येथे क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंश वर असतो आणि शेजारची इमारत त्याला सहज झाकते. विषुववृत्तीय माउंट (एकाच अक्षावर वळून ताऱ्यांचा माग ठेवणारे) ध्रुवाकडे रोखायचे असेल, तर उत्तर मोकळी असलेला कोपरा निवडावा. रस्त्यावरचा दिवा पडद्यावर पडत असेल, तर लॅपटॉपवर सोलापुरी चादरीचा आडोसा करावा. ती जाड असल्याने उजेड चांगला अडतो.

पहिल्या रात्री चंद्रच पाहावा. शार्पकॅपसारख्या प्रोग्रॅममध्ये कॅमेरा जोडून एक्स्पोजर (प्रत्येक चित्रासाठी प्रकाश घेण्याचा वेळ) काही मिलिसेकंदांवर ठेवावे आणि चंद्राचा उजळ भाग पांढरा फटक होणार नाही इतकाच गेन (सेन्सरच्या संकेताची वाढ) वाढवावा. तेजोमेघ व तारकागुच्छांसाठी एक्स्पोजर चार ते दहा सेकंदांचे ठेवून लाइव्ह स्टॅकिंग सुरू करावे. प्रोग्रॅम प्रत्येक नवी चौकट ताऱ्यांवरून जुळवून आधीच्या चौकटींवर रचत जातो; २५ चौकटी जमल्या, की चित्रातला खरखरीतपणा एका चौकटीच्या मानाने पाचपट कमी होतो. माउंट साधे, म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारे असेल, तर चौकट हळूहळू स्वतःभोवतीही वळते. हे वळणे उत्तर-दक्षिण दिशांना व डोक्याच्या जवळ जास्त, तर ठीक पूर्व-पश्चिमेला नगण्य असते, म्हणून डोक्यावरच्या वस्तू टाळून त्या पूर्वेला किंवा पश्चिमेला असताना पाहाव्यात.

मे महिन्यात शीतकरण नसलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात ठिपके फार येतात, कारण सेन्सरचे तापमान सहा-सात अंशांनी वाढले की प्रकाश नसतानाही त्यात वाहणारा त्याचा स्वतःचा विद्युतप्रवाह साधारण दुप्पट होतो. दुर्बिणीचे झाकण लावून, तेच एक्स्पोजर आणि तोच गेन ठेवून काही डार्क फ्रेम घ्याव्यात व प्रोग्रॅमला त्या वजा करू द्याव्यात. हिवाळ्यातल्या डार्क फ्रेम उन्हाळ्यात वापरू नयेत.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, मृगातला तेजोमेघ रात्री साडेदहाच्या आसपास दक्षिणेला उंच येतो. मला मात्र मे महिन्यातला नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी अधिक मोलाचा वाटतो. सुमारे एक कोटी ताऱ्यांचा हा बंदिस्त तारकागुच्छ दिल्लीहून कमाल १४ अंशांपर्यंतच वर येतो, तर सोलापूरहून जवळजवळ २५ अंशांपर्यंत. मेच्या मध्यात तोही साडेदहाच्या सुमारास नेमका दक्षिणेला असतो. त्याचा विस्तार चंद्राएवढा असल्याने वर सांगितलेला रिड्यूसर लावावा, एक्स्पोजर पाच सेकंदांचे ठेवावे आणि पाच-सात मिनिटे स्टॅकिंग चालू द्यावे. सुरुवातीचा धूसर गोळा विरघळून पडद्यावर एकेक तारा सुटा होऊ लागतो.