हवाईच्या बिग आयलंडवर लाव्हा बघायला जाताय? या चुका टाळा

हवाईहून परतलेल्या मंडळींची एक तक्रार हमखास ऐकू येते: "एवढं लांब गेलो आणि लाव्हा काही दिसला नाही." खोदून विचारलं की कळतं, त्यांनी सगळा बेत जुन्या व्हिडिओंवर आखला होता. समुद्रात धो धो कोसळणारा लाव्हा आणि त्याच्या जवळ नेणाऱ्या बोटी हे १९८३ ते २०१८ या काळातलं चित्र आहे. २०१८ मध्ये बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीने खालच्या वस्तीतली सातशेहून जास्त घरं गिळली, शिखरावरचं विवर खचलं आणि तो अध्याय मिटला. २३ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेला उद्रेक शिखरावरच्या हलेमाउमाउ विवरातला आहे आणि त्याची तऱ्हा निराळी: काही तास लाव्ह्याची कारंजी (कधी कधी ३०० मीटरपेक्षा उंच), मग कित्येक दिवस किंवा आठवडे नुसता धूर.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तारीख ठरवून 'त्या दिवशी लाव्हा' असं वेळापत्रकात लिहून टाकणं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, म्हणजे यूएसजीएसची, हवाईयन ज्वालामुखी वेधशाळा उद्रेकाच्या काळात रोज निवेदन काढते. कारंज्यांचा पुढचा झटका साधारण कोणत्या दिवसांत येईल याचा अंदाजही त्यात असतो. विवरावर रोखलेले कॅमेरे थेट दिसतात. भारतातून बघणार असाल तर घड्याळ ध्यानात ठेवा. हवाई आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे, त्यामुळे आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. आपल्या दुपारी साडेतीनला तिथे मध्यरात्र. जायच्या आधी महिनाभर हे निवेदन वाचत राहिलात की उद्रेकाची लय आपोआप समजते. टूर कंपनीच्या पत्रकापेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

आणि तिथे पोहोचल्यावर ज्वालामुखी गप्प असला तर? किलाउएआभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात दिवस फुकट जात नाही. १९५९ साली जिथे लाव्ह्याचं तळं साचलं होतं, त्या किलाउएआ इकीच्या थिजलेल्या तळावरून चालत जाता येतं. नाहुकू ही लाव्ह्याने कोरलेली गुहा आहे. चेन ऑफ क्रेटर्स रस्ता साधारण तीस किलोमीटर उतरत थेट समुद्रापर्यंत नेतो, फक्त त्या वाटेवर पेट्रोल नाही आणि पिण्याचं पाणीही नाही. दोन्ही आधी भरून घ्या.

मुक्काम कुठे करायचा, यात बरेच जण फसतात. नकाशावर बेट लहान वाटतं, पण ते दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. हवाईची बाकी सगळी बेटं एकत्र केली तरी एवढी होत नाहीत. पश्चिमेला कोनाच्या कोरड्या किनाऱ्यावर हॉटेल घेतलं की ज्वालामुखीपर्यंत एका बाजूने दोन-अडीच तास मोडतात. झटका रात्री दहाला सुरू झाला तर निघणार कधी? निदान दोन रात्री हिलो किंवा व्होल्कॅनो गावात काढा. हिलोहून उद्यान पाऊण तासावर आहे. तिथे पाऊस मात्र भरपूर, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. उद्यान बाराशे मीटर उंचीवर असल्याने संध्याकाळी स्वेटर लागतोच. समुद्रकिनाऱ्यावरच्या हाफ पँटमध्ये कुडकुडणारे पर्यटक तिथे रोज दिसतात.

उद्यान चोवीस तास उघडं असतं. कारंजी सुरू असताना दुपारी गाडी लावायला जागा मिळणं कठीण, तेव्हा पहाटे किंवा रात्री नऊनंतर जा. प्रवेश शुल्क कार्डानेच भरावं लागतं, रोख घेत नाहीत. जुन्या लेखांत जॅगर संग्रहालयात जा असं लिहिलेलं सापडेल. ते २०१८ मध्येच कायमचं बंद झालं. मुख्य अभ्यागत केंद्रही २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं. त्यामुळे आज काय उघडं आहे, हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघूनच निघा.

दमेकऱ्यांनी 'व्हॉग' हलक्यात घेऊ नये. ज्वालामुखीतल्या सल्फर डायऑक्साइडपासून होणारं ते धुरकं वाऱ्याबरोबर सरकतं. व्यापारी वारे वाहत असले की बहुधा दक्षिणेकडे आणि तिथून वळून कोनापर्यंत. छाती भरून आली तर हट्ट सोडून बेटाची बाजू बदला. कारंज्यांनंतर हवेतून काचेचे बारीक तंतूही पडतात. केसांसारखे दिसले तरी हातात घेऊ नका आणि नंतर डोळे तर मुळीच चोळू नका.

बुटांचंही तसंच. आपल्या सह्याद्रीचा कातळ बसाल्टच, पण तो साडेसहा कोटी वर्षं पावसापाण्यात झिजलेला आहे. इथला ताजा खडबडीत लाव्हा हात टेकला तरी कापतो. गडांवर चपला घालून फिरणाऱ्यांनी निदान इथे जाड तळव्याचे बूट घालावेत.

मौना केआ या बेटावरच्या सगळ्यात उंच पर्वताच्या शिखरावर (४२०७ मीटर) सूर्यास्त बघायचा तर साधारण २८०० मीटरवरच्या तिथल्या अभ्यागत केंद्रात निदान अर्धा तास थांबा. तिथून पुढे फोर व्हील ड्राइव्हच लागते. तेरा वर्षांखालची मुलं, गरोदर स्त्रिया आणि हृदयरोगी यांनी केंद्रापाशीच थांबावं, तारे तिथूनही भरपूर दिसतात. आदल्या चोवीस तासांत स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर वर जाऊ नका. वर डोकं ठणकायला लागलं तर गोळी घेऊन बसू नका, लगेच खाली या.

पुनालुऊ किनाऱ्याच्या काळ्या वाळूवर कासवं पहुडलेली असतात. त्यांच्यापासून सहा मीटर लांब राहा. आणि वाळू किंवा दगड खिशात घालू नका. उद्यानातून दगड उचलणं बेकायदा आहे आणि हवाईयन लोकांच्या दृष्टीने ती ज्वालामुखीच्या पेले देवीची वस्तू आहे. आधी उचलून नंतर घाबरलेले लोक दगड टपालाने परत पाठवतात. उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना ती पार्सलं निस्तरत बसावं लागतं, कारण कुठून उचललेला दगड कुठे ठेवायचा हे त्यांनाही कळत नाही.