बाटली भरल्याशिवाय फूल तोडू नका: वनस्पतीचित्राच्या तयारीची यादी

सगळ्यात आधी बाटली. काचेची, रुंद तोंडाची, आट्यांचं घट्ट झाकण असलेली, साधारण शंभर मिलिलिटरची. तिच्यात ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलच्या दुकानात मिळतं ते. कागद, ब्रश, रंग हे सगळं राहिलं तर दुसऱ्या दिवशी आणता येतं. फूल मात्र थांबत नाही. पाकळ्या रंगवून होईपर्यंत ते मान टाकतं आणि आतले भाग काढायची वेळ येते तेव्हा आत पाहण्यासारखं काही उरलेलं नसतं. मोबाइलमध्ये भरपूर फोटो असतात, पण पुंकेसर खाली नेमका कुठे चिकटला आहे, बीजांडकोशाला कप्पे किती, हे त्यातल्या एकातही दिसत नाही. म्हणून फूल टिकवून ठेवायला बाटली.

कळलावीचं उदाहरण घेऊ, कारण या कामातल्या बहुतेक सगळ्या अडचणी तिच्यात एकत्र भेटतात. पावसाळ्यात फुलते. सहा पाकळ्या, कडा लाटांसारख्या, उमलताना हिरवट पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत जाणाऱ्या, शेवटी पूर्ण किरमिजी. एकाच वेलीवर या तिन्ही अवस्था असतात. कुक्षीवृंत बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून आडवा जातो. सहा पुंकेसर बाहेर फाकलेले, परागकोश मधोमध टेकलेले आणि हलते. पानाचं टोक लांबून त्याचाच ताणा होतो. चित्र तपासणारा वनस्पतिशास्त्रज्ञ आधी हेच बघतो. आणि पाऊस संपला की वेल जमिनीवरून वाळून जाते, खाली फक्त कंद राहतो. म्हणजे एखादा भाग बघायचा राहिला तर थेट पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं.

तर बाटलीत तीन फुलं टाका: एक मोठी कळी, एक नुकतं उमललेलं, एक जून झालेलं. बाटली गळ्यापर्यंत भरा. अर्धी रिकामी ठेवली तर फूल आत आपटत राहतं आणि परागकोश सुटून तळाशी जातात. पाणी न घातलेलं कडक स्पिरिट वापरू नका, त्यात फूल ठिसूळ होतं आणि चिमट्याने धरताच तुटतं. सॅनिटायझरची जेल तर मुळीच नको. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका: तारीख, ठिकाण, झाडाचं नाव, कोणत्या फांदीवरचं फूल. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि बाहेरची चिकटपट्टी पावसात सुटते. आठवड्याभराने चार बाटल्या शेजारी ठेवल्या की कुठली कुणाची हे सांगता येत नाही, मग त्या भरण्याला काही अर्थ राहत नाही. झाकणावरून टेप गुंडाळा, आणि हे ज्वालाग्राही आहे हे लक्षात ठेवून स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

अल्कोहोलमध्ये आकार टिकतो, रंग टिकत नाही. लाल रंग पहिल्या एकदोन दिवसांतच उतरायला लागतो. त्यामुळे रंगाची नोंद बाटलीच्या आधी, झाड जिवंत असताना, आणि ज्या कागदावर चित्र होणार त्याच कागदाच्या पट्टीवर. दुसऱ्या कागदावर जुळवलेली छटा गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर वेगळी दिसते. पट्टी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात करा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला हिरवा सकाळी पाहिला की पिवळट किंवा निळसर निघतो. प्रत्येक ठिपक्याखाली कोणते रंग, साधारण किती प्रमाणात, हे लिहा. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी नोंदवा. खालची बाजू बहुतेक जण विसरतात, आणि चित्रात एक तरी पान उलटलेलं असतंच.

एक इशारा आत्ताच देतो. कळलावीचे सगळे भाग विषारी आहेत, कंद सर्वांत जास्त. कोल्चिसिन असतं त्यात. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायची सवय असेल तर ती या झाडाच्या बाबतीत पूर्ण बंद. फूल कापल्यावर हात धुवा, ब्लेड पुसून ठेवा, लहान मुलांच्या हाताला लागेल असं काही टेबलावर सोडू नका.

फूल कुठून आणायचं? पुण्यातल्या वेताळ टेकडीचा बराचसा भाग वनखात्याचा आहे, तिथून काही तोडायचं नाही. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ झाडांना तर कुठेही हात लावू नका. ती जागेवर बसूनच रेखाटायची. कळलावीचा कंद उन्हाळ्याच्या शेवटी कुंडीत लावला की पावसात वेल घरीच मिळते, हे सगळ्यात बरं. नाहीतर ज्यांच्या कुंपणावर आहे त्यांना विचारून घ्या. सकाळी नऊच्या आत कापा, देठ लगेच ओल्या टिश्यूत गुंडाळा, पिशवीत हवा भरून तोंड बांधा आणि पिशवी डब्यात ठेवा. स्कूटरच्या हुकाला लटकवलेली पिशवी पोहोचेपर्यंत फुलांचा चेंदामेंदा होतो. घरी देठ पाण्याखाली धरून पुन्हा कापा. काम नसेल तेव्हा फ्रिजमध्ये भाजीच्या खणात, पण तिथे सफरचंद किंवा केळी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात. आणि त्याच सकाळी, रेखाटन सुरू करायच्या आधी, रंगपट्टी आणि लगेच बाटली. रेखाटनानंतर नव्हे. रेखाटनानंतर म्हटलं की ते होत नाही.

कागद: हॉट प्रेस, चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा, शंभर टक्के कापसाचा. कोल्ड प्रेसच्या खडबडीत पोतावर बारीक शीर ओढली की ती तुटक दिसते. अप्पा बळवंत चौकात जायच्या आधी फोन करून विचारा, दुकानात पुष्कळदा कोल्ड प्रेसच असतो. पुण्यातल्या पावसाळी दमटपणात जुना साठा खराब होतो, कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं. कोपऱ्यावर एक ओली रेघ ओढून पाहा. रंग टीपकागदासारखा आत शोषला गेला तर तो कागद परत करा. चित्र आणि रंगपट्टी दोन्हींना पुरतील इतके तुकडे एकाच खेपेतले घ्या, झिपच्या पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवा.

रंग थोडे पण चांगले. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचा, शक्यतो एकाच द्रव्याचा रंग घ्या. पीआर ८३ म्हणजे अस्सल अलिझरिन क्रिमझन, उजेडात फिका पडतो. त्याऐवजी पीव्ही १९ किंवा पीआर १२२. ऑपेरा नावाचा झगझगीत गुलाबी मोह पाडतो, पण टिकत नाही. हिरवा ट्यूबमधून थेट नको, अल्ट्रामरीन आणि लिंबू पिवळ्यातून करा. विद्यार्थ्यांचे संच वर्गात सरावाला ठीक, विकायच्या चित्राला नाही. ब्रश दोन पुरतात, चार नंबर आणि एक नंबर, टोक असलेले, कोलिन्स्की केसांचे. पाणी, फडकं, बशी, हे सांगायला नको.

पेन्सिल एचबी आणि २ एच. ४ एच मऊ कागदावर चर पाडते आणि त्या चरीत रंग साचतो. मापं डिव्हायडरने, प्रत्यक्ष आकारात, झाडावरूनच घ्या. फोटोवरून मापं घेऊ नका, कॅमेऱ्याजवळचा भाग मोठा होतो. काम करायचा क्रम: आधी उमललेलं फूल, कारण ते हलतं आणि बदलतं, मग कळ्या, मग पानं, देठ सर्वांत शेवटी. उजेड डाव्या बाजूने वरून, पहिल्या दिवशी होता तसाच शेवटपर्यंत. कच्चं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर, तिथून खिडकीच्या काचेवर धरून चांगल्या कागदावर. कार्बन पेपर वापरू नका, तो तेलकट असतो, त्यावर जलरंग बसत नाही.

आतले भाग बाटलीतल्या फुलावरून: नवं ब्लेड, दोन सुया, बारीक चिमटा, दहापट भिंग. बशीत थोडं अल्कोहोल घेऊन फूल त्यात बुडालेलं ठेवा, उघड्यावर काही मिनिटांत सुकतं. उभा छेद एक, बीजांडकोशाचा आडवा छेद एक. कळलावीला तीन कप्पे दिसायला हवेत. दोनच दिसले तर छेद तिरका गेला आहे, दुसरं फूल घ्या. म्हणूनच तीन टाकायला सांगितली.

एक डहाळी दाबूनही ठेवा, वर्तमानपत्रात, वर वजन देऊन. पावसाळ्यात कागद दिवसातून दोनदा बदला, नाहीतर बुरशी येते. ही डहाळी आणि ती बाटली, दोन्ही घेऊन ओळख पटवायला जायचं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम केंद्र आहे, १९५५पासून. आघारकर संशोधन संस्थेतही वनस्पतिसंग्रह आहे. आधी विचारून वेळ घ्या. कळलावी कुणीही ओळखेल, पण तेरड्याच्या किंवा सोनकीच्या जवळच्या जाती ओळखताना आतल्या भागांवरच निर्णय होतो, आणि तिथे तुम्हाला विचारतील: फूल आणलंय का? बाटली असेल तर आणलंय. शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरात, कुळाचं नाव सरळ.

मोठं करून काढलेल्या प्रत्येक भागाशेजारी मोजपट्टीची रेघ काढा आणि ती किती मिलिमीटरची हे लिहा. दोनपट, पाचपट असं लिहू नका. छापताना चित्राचा आकार बदलला की ते खोटं ठरतं, रेघ मात्र चित्राबरोबरच लहानमोठी होते. चित्राच्या मागे पेन्सिलीने स्वतःचं नाव, तारीख, ठिकाण. दापोडीच्या वनस्पती उद्यानात १८४७ ते १८५० या काळात उद्यानाचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून झाडांची चित्रं करून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुणी नोंदवलं नाही. इतकं सुंदर काम करणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला घेता येत नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून नाव लिहा.

आता प्रदर्शनं, थोडक्यात. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला एका विषयावरची सहा चित्रं लागतात, सुटी नाहीत. एकेका हंगामात दोनच झाडं नीट होतात हे धरून तीन वर्षं हाताशी ठेवा. पिट्सबर्गच्या हंट संस्थेचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन १९६४पासून आहे, दर तीन वर्षांनी भरतं. सिडनीच्या वनस्पती उद्यानाचा मार्गारेट फ्लॉकटन पुरस्कार शास्त्रीय कृष्णधवल रेखाटनांसाठी आहे, तिथे छेदांशिवाय काही चालत नाही, म्हणजे पुन्हा बाटली. पुण्यात बालगंधर्व कलादालनाची तारीख खूप आधी धरावी लागते. जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, झाडांची खरी आवड असलेली माणसं तिथे भेटतात.

स्कॅन फ्रेम करायच्या आधी, मूळ आकारात ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) तरी, टिफ फाइल. फिके पिवळे स्कॅनमध्ये उडतात, रंगपट्टी शेजारी ठेवून तपासा. माउंट आम्लविरहित. कुरिअरने जाणार असेल तर काच नको, ॲक्रिलिक. बिनफ्रेमचं चित्र नळीत गुंडाळू नका, दोन फोमबोर्डांत सपाट पाठवा. नियमावली शेवटपर्यंत वाचा: चित्रावर अक्षरं चालतात का, आकाराची मर्यादा किती, परतीचा खर्च कुणाचा. मुदत तिकडच्या घड्याळाप्रमाणे असते, इकडची रात्र धरून बसू नका.